श्वास रोखून धरा

एक्स-रे विभागातल्या बाईंना दिवसातून शंभर वेळा तरी एकच वाक्य म्हणावं लागे. "श्वास घ्या... रोखून धरा... सोडा." सव्वीस वर्षं म्हणून म्हणून ते त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की एकदा घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो निघत असताना त्यांच्या तोंडून तेच निघालं आणि चौदा नातेवाईक गाल फुगवून उभे राहिले. तो फोटो अजून आहे. त्यात फक्त बाईंचे वडील नेहमीसारखे दिसतात, कारण ते भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांचं सगळं लक्ष भिंतीकडे होतं.

बाबांचं हे भिंतीचं वेड घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, तीही पाठ भिंतीला टेकवून. लोक प्रवासात खिडकीची जागा मागतात, बाबा भिंतीची मागत. नातवंडं त्यांना भिंतआजोबा म्हणत. मोकळ्या जागेत स्टुलावर बसवलं तर दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम यायचा. असं का, ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं, बाईंची आई गेली त्या वर्षी. बाबा आठ महिन्यांचे असताना त्यांची आई घर सोडून गेली. बाळाला टेबलावर ठेवलं आणि निघाली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हे त्यांच्या आजीने त्यांना ऐकवलं होतं, आणि एकदा ऐकवून ती थांबली नव्हती. नातवाने ताटात काही टाकलं, की दर वेळी ती हीच गोष्ट काढायची.

आता त्या बाबांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. याआधी दोनदा ठरून मोडलं होतं, कारण बाबा संमतीच्या कागदावर सही करायला तयार नव्हते. त्यांना कापाकापीची भीती नव्हती. टेबलावर उताणं झोपवणार, आणि आपलं माणूस एकही आत नसणार, हे त्यांना सोसवत नव्हतं. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की या वेळी टळलं तर पुढची तारीख देण्यात अर्थ उरणार नाही. आई गेलीच होती. आता बाबाही केवळ एका सहीपायी जाणार, या विचाराने बाईंची झोप उडाली होती.

गुरुवारी दुपारी ऑपरेशनआधीचा छातीचा एक्स-रे काढायचा होता. सही होवो न होवो, तपासण्या तर उरकून घेऊ म्हणून बाईंनी बाबांना आपल्याच विभागात आणलं. विभाग तळघरात होता. जेवणाची वेळ, सगळे वर गेलेले. बाकांवर कोणी नव्हतं. जुन्या रबराचा आणि फिनेलचा वास, आणि मशीनची बारीक घरघर, जी चालू असताना ऐकू येत नाही पण बंद पडली की कान दुखतात.

छातीचा एक्स-रे काढताना छाती फळीला टेकवून उभं राहावं लागतं. हनुवटी वर, हात कमरेवर. म्हणजे पाठ मोकळी, आणि पाठीमागे सगळी रिकामी खोली. बाबांना उभं करताच ते थरथरू लागले. हललं की फोटो बिघडतो. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, "बाबा, दोन मिनिटं," म्हणाल्या आणि काचेच्या आड गेल्या.

"श्वास घ्या... रोखून धरा..."

काचेतून त्यांना दिसलं, बाबांची थरथर एकदम थांबली. लंबकाला कोणी बोट लावावं तशी.

बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटलं. बरगड्या, वाढलेलं हृदय, आणि दोन्ही काखांच्या खाली, बरगड्यांवर टेकलेली चार-चार बोटं.

बोटांचं बाईंना नवल नव्हतं. लहान बाळाचा एक्स-रे काढायचा तर बाळ काही श्वास रोखून उभं राहत नाही, त्याला धरायला कोणीतरी लागतं. मग आईला शिशाचा एप्रन घालून आत थांबवतात. ती बाळाला काखेत धरते आणि तिची बोटं हटकून चित्रात येतात. आयांची अशी हजारो बोटं बाईंनी पाहिली होती. प्लेट नीट पुसली नाही तर आधीच्या चित्राची सावली पुढच्या चित्रात राहते, हेही त्यांना माहीत होतं. कुठल्या तरी बाळाच्या आईची बोटं राहून गेली असतील. त्यांनी नवी प्लेट घेतली, दोनदा पुसली आणि पुन्हा फोटो काढला.

बोटं तिथेच होती.

मग त्यांनी सकाळपासूनची नोंदवही उघडून पाहिली. त्या दिवशी एकही बाळ आलं नव्हतं. त्यांनी तिसरी प्लेट घातली. तिसऱ्या चित्रात बोटं आणखी स्पष्ट आली. बारीक हाडांची, बाईमाणसाची बोटं. एका हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वाकडी, मोडून तशीच जुळलेली. खोलीत बाबांशिवाय कोणी नव्हतं. शिशाचे चारही एप्रन खुंटीला लटकत होते.

बाईंनी बाबांना शर्ट घालायला मदत केली. शेवटी न राहवून विचारलं, "बाबा, मघाशी तुम्ही थरथरत होतात... मग थांबलात कसे?"

बाबांनी बटणं लावता लावता जरा विचार केला. "तू धरलंस ना मला," ते म्हणाले. "काखेत हात घालून. बरं वाटलं..."

 बाईंनी फक्त पाठीवर हात ठेवला होता, आणि तोही फोटोच्या आधी.

फिल्म डॉक्टरांना दाखवावीच लागली. डॉक्टर बारा कामांतला माणूस. त्यांनी फिल्म उजेडात धरली, फुप्फुसं पाहिली, हृदय पाहिलं आणि म्हणाले, चालेल. मग बोटांवर टिचकी मारून विचारलं, की ज्यांनी धरलं होतं त्यांना एप्रन दिला होता ना? बाईंनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ होय की नाही, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रात्रभर ती वाकडी करंगळी त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नाही. भीती तर होतीच, पण त्याहून जास्त छळत होतं ते हे, की ती करंगळी त्यांनी आधी कुठेतरी पाहिली होती. पहाटे चहाचं पाणी ठेवताना आठवलं. थोरल्या आत्याच्या घरी एक जुना अल्बम होता. लहानपणी त्यातल्या एका फोटोला बाई इतक्या घाबरायच्या की ते पान उलटताना डोळे मिटून घ्यायच्या. फोटोत आजोबा एकटे उभे होते, आणि त्यांच्या खांद्यावर एक हात होता. फक्त हात. मनगटाच्या पुढे माणूस नव्हतं.

थोरली आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. पंच्याऐंशी उलटली तरी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, आणि खाली चला म्हणणाऱ्याला म्हणायची, "मला वर जायचंय, खाली कशाला ओढता?" शुक्रवारी कामावरून लवकर सुटून बाई तिच्याकडे गेल्या. प्रत्येक मजल्यावर त्यांना कठडा धरून थांबावं लागलं. पन्नाशी आली, जिना आपला राहिला नाही, असं म्हणून त्यांनी पदराने घाम टिपला.

अल्बम आत्याच्या कपाटात सगळ्यात खाली, चादरींच्या घडीत होता. उघडताच डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या खळीचा वास आला. काळी पानं, मध्ये कागदी जाळी, प्रत्येक फोटो चार कोपऱ्यांत अडकवलेला. बाहेर चार वाजताचं ऊन होतं, खालच्या रस्त्यावर कोणीतरी भांडत होतं, तरी पानं उलटता उलटता बाईंना खोली लहान होत चालल्यासारखी वाटू लागली. कारण लहानपणी एकच फोटो कापलेला वाटला होता. आता नीट पाहिलं तर सात फोटो कापलेले होते. दाराशी उभ्या असलेल्या माणसांच्या मध्ये एक माणूसभर भोक. बाकावरच्या बायकांमध्ये एक भोक. सगळीकडे कात्री एकाच बाईच्या कडेकडेने, केसांपासून पायांपर्यंत, अगदी सफाईने फिरलेली. फक्त आजोबांच्या खांद्यावरचा तो हात राहिला होता, कारण तो कापला असता तर आजोबांचा खांदाही गेला असता. बाईंनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला. करंगळी वाकडी होती.

"ही माझी आजी ना?" त्यांनी विचारलं.

आत्याने होय म्हटलं. लहानपणी दारात सापडून तिची करंगळी मोडली होती, एवढंही सांगितलं. मग ती खिडकीबाहेर पाहत बसली.

बाई पुढची पानं उलटत राहिल्या. शेवटून दुसऱ्या पानावर बाबांचा बाळपणीचा फोटो होता. तो घरात सगळ्यांनी पाहिलेला होता. गुबगुबीत बाळ, टोपडं, पायांत मोजे, आणि मागे नक्षीची चादर टाकलेली उंच पाठीची खुर्ची. बाळ त्या खुर्चीत ताठ बसून थेट कॅमेऱ्याकडे पाहत होतं. बाबांच्या लहानपणाचा हा एवढा एकच फोटो.

बाईंनी तो पाहिला, पान उलटलं, आणि हात तसाच थांबला. त्यांनी पान परत मागे घेतलं.

आठ महिन्यांचं बाळ असं बसत नाही. ते कलंडतं, वाकतं, कशाला तरी हात घालतं. सव्वीस वर्षांत बाईंनी एकही बाळ धरल्याशिवाय इतकं स्थिर पाहिलं नव्हतं. त्यांनी फोटो कोपऱ्यांतून सोडवला आणि खिडकीशी जाऊन उन्हात धरला. बाळाच्या दोन्ही काखांखाली चादरीला घड्या पडल्या होत्या. चार इकडे, चार तिकडे. खाली चादर दोन गुडघ्यांवरून उतरत होती. वर, जिथे खुर्चीची पाठ संपायला हवी, तिथे गोल डोकं होतं. आणि डोक्याच्या जरा खाली, तोंडाच्या जागी, कापड आत ओढलं गेलं होतं. आतल्या माणसाने श्वास घेऊन तो रोखून धरला होता.



"आत्या... ही खुर्ची नाहीये."

 खालचं भांडण थांबलं होतं.

"सत्तर-पंचाहत्तर वर्षं झाली," ती म्हणाली. "सगळे खुर्चीच म्हणत आले. मला कोणी विचारलंच नाही. मग मीही खुर्चीच म्हणत राहिले."

मग ती अडखळत, मधेमधे थांबत सांगू लागली. काकूला, म्हणजे बाबांच्या आईला, छातीचा आजार झाला होता. त्या काळी त्या आजाराचं नाव घराला चिकटलं की लोक उंबरा ओलांडत नसत, आणि घरात लग्नाच्या चार मुली होत्या. पळून गेलेल्या सुनेची चर्चा चार दिवस होते आणि विरते. म्हणून ती पळून गेली असं सांगायचं ठरलं, आणि तिला गुपचूप लांबच्या टेकडीवरच्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. महिनाभर तिला बाळाला हात लावू दिला नव्हता. तिला न्यायला गाडी यायची त्याच दिवशी फोटोवाला बाळाचा फोटो काढायला आला होता. त्याचा कॅमेरा जुना, लाकडी पेटीचा. खोलीतल्या उजेडात फोटो यायचा तर दहा आकडे मोजेपर्यंत बाळाने हलता कामा नये. लहान मुलांसाठी त्याची एक रीत होती. घरातल्या कोणीतरी चादर पांघरून बसायचं, बाळाला मांडीवर घ्यायचं आणि कापडाआडून धरायचं. बाबांच्या आजीने धरलं, बाळ रडलं. दुसऱ्या काकूने धरलं, बाळ रडून लालबुंद झालं. शेवटी फोटोवाल्याने, ज्याला काहीच माहीत नव्हतं, विचारलं की याची आई कुठे आहे?

"तिला चादरीखाली बसवलं. बाळ लगेच गप्प झालं," आत्या म्हणाली. "फोटोवाला मोजायला लागला. मी अकरा वर्षांची, दाराशी उभी. मला एकच धाक, हिला आता खोकला येणार. एरवी दोन मिनिटं खोकल्याशिवाय जात नव्हती तिची. पण दहापर्यंत तिने श्वास रोखून धरला. बाळाला एवढासा धक्का लागू दिला नाही. दहा म्हटलं आणि आजीने बाळाला उचलून आत नेलं. काकू चादरीखाली खोकत राहिली... वळून पाहिलं नाही म्हणतात. कशी पाहणार? तिच्या डोक्यावरची चादर निघेपर्यंत दार लागलं होतं."

सव्वा वर्षाने ती त्या दवाखान्यातच गेली. पत्र आलं होतं, पण ते कोणी मोठ्याने वाचलं नाही. मग आजीने कात्री काढली. आजार फोटोतूनही घरात राहतो, अशी आजीची समजूत. आत्याचा हात स्थिर म्हणून कात्री तिच्याच हातात दिली. तिने सातही फोटो कापले. आठव्याशी आली तेव्हा आजी म्हणाली, "तो राहू दे, त्यात ती नाही." फोटोच्या वेळी तिथे उभी असलेली आजी वर्षभरात विसरली होती. किंवा विसरायचं ठरवलं होतं.

"मी मान हलवली," आत्या म्हणाली. "एवढंच काय ते मी तिच्यासाठी केलं."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत्याही पदर तोंडाला लावून बसली होती. आणि तेव्हा त्या दोघींच्या मधे, त्या बंद कपाटाच्या बाजूला, कोणीतरी श्वास सोडला. लांब, सावकाश. फार वेळ रोखून धरलेला श्वास सोडावा तसा. बाईंना वाटलं आत्याने सोडला. त्यांनी वर पाहिलं तर आत्या त्यांच्याकडे पाहत होती. कपाटाचं दार आपोआप किंचित उघडलं आणि राहिलं.

"ऐकलंस?" आत्याने हळूच विचारलं.

बाईंनी मान हलवली. दोघींपैकी कोणीही उठून कपाट लावलं नाही.

शनिवारी सकाळी बाईंनी फोटो बाबांपुढे ठेवला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी घड्याळं उघडताना लावायचं भिंग डोळ्याला लावलं आणि फोटोवर वाकले. काखेतल्या घड्या मोजल्या. तोंडाच्या जागेवर बराच वेळ थांबले. मग त्यांनी भिंग काढून पुसलं, आणि पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

"म्हणजे टेबल नव्हतंच..." ते म्हणाले.

"नव्हतं, बाबा. मांडी होती."

बाबा इतके रडले की बाईंना त्यांच्या हृदयाची काळजी वाटू लागली. पण रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, चहा मागितला आणि कागद कुठे आहे विचारलं. सही केली ती खोलीच्या मध्यभागी, बिनपाठीच्या स्टुलावर बसून. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. बाईंच्या आलं, पण त्या बोलल्या नाहीत, न जाणो त्यांना भिंत आठवायची.

सोमवारी ऑपरेशन पाच तास चाललं. बाई बाहेर बसून होत्या. डॉक्टर तोंडावरची पट्टी खाली ओढत आले आणि म्हणाले, सगळं उत्तम झालं. भूल देण्याआधी लोक हात-पाय गार करून घेतात, तुमचे वडील मजेत पडून होते, जणू गादीला टेकून बसलेत. बाईंना एवढं हायसं वाटलं की त्या उठायला गेल्या आणि पुन्हा मट्‌कन बाकावर बसल्या.

नवव्या दिवशी छातीचा नवा एक्स-रे काढला. हृदयाचा आकार उतरला होता, छातीच्या हाडावर तारेचे टाके दिसत होते. बोटंही होती, पण एकाच बाजूला. चारही सरळ. वाकड्या करंगळीचा हात नव्हता. बाळ बसायला शिकलं की आई आधी एक हात काढून घेते, हे बाईंना माहीत होतं. त्यांना हसू आलं. त्यांनी ती फिल्म पाकिटात घालून अल्बममध्ये, त्या फोटोच्या मागे ठेवून दिली.

दीड महिना झाला. बाबा आता बागेतल्या मधल्या बाकावर बसू लागले होते, चारही बाजूंनी मोकळ्या. नातवंडांनी भिंतआजोबा म्हणायचं बंद केलं होतं. घरात बऱ्याच वर्षांनी हसणं-बोलणं होतं.

अशात कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीचा दिवस आला. बाई स्वतः फळीला छाती टेकवून उभ्या राहिल्या. काचेआडून नव्याने लागलेल्या मुलीने म्हटलं, "श्वास घ्या, रोखून धरा." बाईंना गंमत वाटली. पाठीमागे ऊब जाणवली, मशीनची असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

काचेआडून 'सोडा' काही आलं नाही.

"बाई..." मुलगी म्हणाली. "प्लेट मी पुसली होती, देवाशप्पथ. पण हे बघा ना. पुन्हा काढू का?"

बाई पडद्याजवळ गेल्या. त्यांच्या बरगड्यांवर, एकाच बाजूला, चार बोटं टेकलेली होती. करंगळी वाकडी होती.

"नको," त्या म्हणाल्या.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण तिच्याखाली काहीतरी मऊ होतं, मांडीसारखं. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांना आत्याचा जिना आठवला. तीन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबणं. आता तर घरातल्या चार पायऱ्यांवरही थांबावं लागत होतं. ही गोष्ट त्यांनी अजून कोणालाही सांगितली नव्हती.